अंगणाची वहिवाट

पौषातल्या एका सकाळी, आमच्या पाखाडीवरचे धुके अजून गडग्याच्या जांभ्या दगडांना बिलगून होते अशा वेळी, शेजारच्या घरातील चार वर्षांचा मुलगा अंगणाच्या तोंडाशी उभा राहून ओठांचा चंबू करीत श्वास सोडत होता आणि बाहेर पडलेली वाफ हवेत विरेपर्यंत तिच्याकडे टक लावून पाहत होता. एकदा हळू, एकदा जोराने, एकदा नाक चिमटीत धरून, असे सारे प्रकार त्याने करून पाहिले. मग गोठ्यापाशी जाऊन गाईच्या नाकपुड्यांतूनही तसाच धूर निघतो आहे याची खातरजमा केली, आणि गाय व आपण मूलतः एकाच घराण्यातील आहोत असा साक्षात्कार व्हावा तसा खुदकन हसला. ओटीवर पावट्याच्या शेंगा सोलीत बसलेल्या त्याच्या आजीने हाक दिली, "बाळू, आत ये बघू, वारं लागेल हो." त्याने "ओ" दिली, पाऊल मात्र हलवले नाही. आजीनेही दुसऱ्यांदा हाक दिली नाही. ती सोलीत राहिली, तो धूर काढीत राहिला, आणि दोघांत न बोलता झालेला तो करार पाहून मी माझ्या वाटेने पुढे गेलो.

कोकणातील थंडीचे नाव काढले की देशावरच्या मंडळींना हसू येते. कोकण म्हणजे घाम, दमट वारा आणि बारा महिने उघडे अंग, असा त्यांचा पक्का ग्रह आहे, आणि हर्णै-मुरुडच्या किनाऱ्यापुरता तो बराचसा खराही आहे. परंतु दापोलीचा मामला निराळा. समुद्र जवळ असूनही सुमारे अडीचशे मीटर उंचीच्या मोकळ्या पठारावर हे गाव वसले आहे, आणि १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणातील लष्करी छावणीसाठी इंग्रजांनी नेमकी हीच जागा पसंत केली, त्यात येथल्या हवेचा हिशेब त्यांनी धरलाच असणार. छावणी केव्हाच उठून गेली. काप दापोली हे नाव, एक भग्न प्रार्थनामंदिर आणि मैदान तेवढे मागे राहिले. मार्गशीर्ष लागला, आभाळ निरभ्र झाले आणि वारा पडला, की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर सोडून देते, थंड हवा जड होऊन खोलगट मळ्यांत उतरून बसते, आणि कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतील पारा एखाद्या पहाटे दहा अंशांच्याही खाली जातो. तथापि या थंडीचा अंमल पहाटेपुरताच असतो. नऊच्या सुमारास उन्हाशी तिचा तहनामा होतो, आणि त्यानंतर दुपार चढेपर्यंत जी हवा राहते ती जणू पाच वर्षांखालील रयतेसाठीच राखून ठेवलेली असते.

या हवेचे मोल कळावयास तिच्या आधीचे चार महिने ध्यानात घ्यावे लागतात. दापोलीत वर्षाकाठी सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळाच्या सगळा जून ते सप्टेंबर या अवधीत. त्या दिवसांत माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, पाखाडीचा ओहोळ होतो, आणि नुकतेच चालू लागलेले मूल उंबऱ्याशी बसून पागोळ्यांखाली हात धरण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. उत्तरेकडील थंड देशांत मुलांना घरात कोंडण्याचे काम हिमवर्षाव करतो, आणि मोकळीक देण्याचे काम वसंत. आमच्याकडे कोंडून ठेवतो तो पाऊस आणि कडी काढतो तो हिवाळा. उन्हाळ्याला ही कामगिरी पेलत नाही. चैत्र-वैशाखात सकाळी दहानंतर कातळ असा तापतो की गुरेदेखील सावली सोडीत नाहीत. तेव्हा कोकणातल्या लहानग्याला जमीन म्हणून जी काही मिळायची ती कार्तिक ते माघ एवढ्या मुदतीतच मिळायची.

आणि ती जमीनही आयती मिळत नाही, हे कोकणाबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पावसाळ्यात अंगणाची माती धुपून जाते, वर दगडगोटे उघडे पडतात, कडेने गवत माजते. आश्विनात पाऊस ओसरला की घरचे सारे लोक अंगणाच्या पाठी लागतात. आधी ते खणून सारखे करावयाचे, कमी पडेल तेथे नवी माती आणून घालावयाची, पाणी शिंपडून लाकडी चोपण्याने ती ठोकून ठोकून घट्ट करावयाची, आणि मग शेणाने सारवावयाची. पुढे पोफळीचे खांब रोवून, वर नारळाचे झाप टाकून मांडव घातला, म्हणजे घराला एक नवा दिवाणखाना जोडला जातो. याच अंगणाचे खळे होते, यावरच भात झोडले जाते, वाळवणे पडतात, सुपाऱ्या सुकतात. दरसाल नव्याने घडवलेली ही भूमी आहे. घडवणाऱ्यांच्या मनात धान्याचा विचार असतो, पण तिच्यावर पहिले पाऊल हमखास मुलाचे पडते. सारवण ओले असतानाच कोणाचा तरी इवलासा तळवा तिच्यावर उमटतो, त्याबद्दल एक धपाटा बसतो, आणि तो ठसा वाळून पुढच्या सारवणापर्यंत तेथेच राहतो.

अंगण सिद्ध झाले की दिवाळीचा किल्ला येतो. महाराष्ट्रात सर्वत्र मुले दिवाळीत किल्ले करतात, पण ज्या मुलाने हर्णैच्या बंदरावरून समुद्रातला सुवर्णदुर्ग पाहिला आहे त्याच्या किल्ल्याला एक अडचण पडते, ती म्हणजे खंदकाऐवजी चोहोंकडे समुद्र हवा. मग तांबड्या मातीत आळे खणून पाणी ओतले जाते, ते क्षणात जिरते, पुन्हा ओतले जाते, पुन्हा जिरते. जांभ्याच्या मातीला पाणी धरून ठेवण्याची सवय नाही, हे भूगर्भशास्त्राचे पहिले वचन मूल असे शिकते. थोरली मुले बुरूज रचतात, वाटा काढतात, मोहरी पेरतात, मावळ्यांच्या नेमणुका करतात. आणि तीन-चार वर्षांच्या धाकट्याची तैनात पाणी आणण्यावर होते. तो तांब्या भरतो, निम्मा वाटेत अंगावर सांडतो, उरलेला मोठ्या इमानाने समुद्रात ओततो आणि पुन्हा फिरतो. त्या सकाळभरात किती खेपा त्याने घातल्या असतील याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. परंतु भरलेल्या भांड्याचा तोल, उताराची ओढ, ओल्या मातीचे जडपण आणि आपल्यावाचून कोणाचे तरी काम अडले आहे याची अपूर्व जाणीव, एवढे सारे त्याच्या अंगात मुरते. पुढे शाळेत कागदावर रेघा ओढताना हात स्थिर राहतो, त्याचे श्रेय पाटीला मिळते.

भातकापणी उरकली की खेळाची हद्द अंगणाच्या गडग्याबाहेर वाढते. कोकणात सपाट जागेचा दुष्काळ आहे. जी काही सपाटी आहे ती भातखाचरांची, आणि चार महिने तिच्यात पाऊल घालण्यास मज्जाव. परंतु शेवटचा भारा उडवीवर चढला, की त्या जमिनीची मालकी काही काळ शिथिल होते. गुरे मोकळी सोडली जातात, बांधावरून वाटा पडतात, आणि मुले कोणाचीही परवानगी न घेता मळ्यात उतरतात. सातबाराच्या उताऱ्यावर या हक्काची नोंद नाही, कोणत्या मामलेदाराने त्याची सनद दिलेली नाही. तरी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ती वहिवाट आहे, आणि एरवी वीतभर बांधासाठी कोर्टाची पायरी चढणारा मनुष्यही तिच्या आड येत नाही. ज्या खाचरात वाल पेरला असेल तेवढे सोडून द्यावयाचे, एवढा एकच शिरस्ता. धसकटे पायांना टोचतात, भेगाळलेल्या चिखलाच्या खपल्या पावलाखाली हलतात, एका खाचरातून दुसऱ्यात हातभर उडी मारावी लागते. बागेतल्या गुळगुळीत घसरगुंडीवर मुलाला एकच गोष्ट करता येते. येथे प्रत्येक पाऊल नवा प्रश्न विचारते, आणि त्याचे उत्तर डोके न देता घोटा देतो.

या मळ्यात थोरल्यांचा चेंडूफळीचा किंवा लगोरीचा डाव रंगला, म्हणजे त्यात धाकट्यांसाठी एक विशेष पद निर्माण केलेले असते. त्याला कच्चा लिंबू म्हणतात. कच्च्या लिंबाला डावात घेतात, त्याच्या हाती फळी देतात, त्याच्यामागे धावतात, पण तो बाद होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याची धाव कोणाच्या खात्यावर चढत नाही. ज्याला सर्व हक्क आहेत आणि एकही जबाबदारी नाही असा नागरिक मानवजातीच्या इतिहासात दुसरीकडे कोठे झाला असेल असे मला वाटत नाही. मोठमोठ्या शिक्षणशास्त्र्यांनी डोके खाजवूनही इतकी नाजूक योजना त्यांना सुचली नसती. ती सुचली सात-आठ वर्षांच्या मुलांना, आणि तीही धाकट्याला सांभाळण्याची सक्ती घरून झाली म्हणून. पुढे एके दिवशी, बहुधा कोणा हट्टी खेळाडूच्या तक्रारीवरून, त्याचे कच्चेपण बरखास्त होते आणि तो पहिल्यांदा बाद होतो. त्या दिवशी तो रडतो खरा, परंतु रात्री जेवताना स्वर मात्र बढती मिळालेल्या कारकुनाचा असतो.

वहिवाटीची ही कथा सांगताना एका ठिकाणी लेखणी अडखळते. लष्करातून निवृत्त झालेल्या शिपायांची व सुभेदारांची घरे दापोलीत एके काळी पुष्कळ होती. सुभेदार रामजी सकपाळही सेवानिवृत्तीनंतर काही काळ येथे येऊन राहिले, आणि १८९१ साली महू येथे जन्मलेला त्यांचा धाकटा मुलगा भीमराव त्या वेळी अगदी लहान, ज्या वयाच्या मुलांविषयी मी हे लिहीत आहे त्याच वयाचा होता. तेव्हाही मार्गशीर्षात असेच धुके पडत असणार, मळे असेच मोकळे होत असणार. पण त्या मुलाने कोणत्या अंगणात यावे आणि कोणत्या अंगणाच्या कडेलाच थांबावे हे ऋतूने ठरवलेले नव्हते. थंडी सर्वांना सारखी लागते. ऊन मात्र पुष्कळ काळ सर्वांना सारखे मिळाले नाही. बाहेरच्या खेळाची थोरवी गाणाऱ्याने हे विसरू नये, कारण बाहेर या एका शब्दात कोणाला मैदान दिसते, तर कोणाला दाराशी झालेली अडवणूक.

आता त्या आजीच्या वाऱ्याकडे वळतो. वारं लागेल, सर्दी होईल, छाती भरेल, ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या पिढ्यांनी छातीत कफ होऊन गेलेली मुले पाहिली होती, आणि कानटोपी, ओव्याची धुरी, तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक हे त्या दुःखातून निपजलेले उपाय होते. दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाला पहाटेच्या धुक्यात सोडू नये हे आजही डॉक्टर सांगतात. परंतु तेच डॉक्टर असेही सांगतात की सर्दी आणते ती हवेची थंडी नव्हे, तर एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे विषाणू, आणि दारे-खिडक्या लावून दाटीवाटीने बसलेल्या खोलीत त्यांचा प्रवास अधिक सुखाचा होतो. हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व त्वचेत तयार व्हावयास ऊन बऱ्यापैकी वर आलेले असावे लागते. म्हणजे थंडी मोडल्यानंतर मळ्यात जो धुडगूस चालतो त्याची वेळ मुलांनी अजाणता योग्यच निवडली आहे. डोळ्यांची गोष्ट त्याहून नवलाची. अंगणातल्या सावलीतही माजघरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट उजेड असतो, आणि अशा उजेडात पुष्कळ वेळ राहणाऱ्या मुलांना दूरचे अंधुक दिसण्याचा विकार कमी प्रमाणात जडतो असे आढळल्यावरून तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याचा उपक्रमच हाती घेतला. चष्मा लागलेल्या देशाला अंगण आठवले, एवढाच त्याचा अर्थ.

खरे पाहता मुलाला आपल्या थंडीचा बंदोबस्त आपणच करता येतो. अंग काकडले की ते धावते, धावून तापले की स्वेटर काढते. दहाच्या सुमारास मळ्याकाठच्या गडग्यावर नजर टाकावी, तो लाल, निळे, विटलेले, थोरल्या भावंडांकडून वारशाने आलेले स्वेटर ओळीने टाकलेले दिसतात आणि त्यांवर कानटोप्या. ते घालण्याचा हुकूम घरातून सुटलेला असतो. काढण्याचा निर्णय ज्याचा त्याने घेतलेला असतो. आपल्याला आता ऊब हवी की गारवा, हे स्वतःच्या अंगाला विचारून ठरवण्याचा तो बहुधा आयुष्यातला पहिलाच प्रसंग. ज्यांच्या अंगावरचा स्वेटर आईच घालते आणि आईच काढते, त्यांना ही रुजवात फार उशिरा करावी लागते.

दापोली तालुक्यातल्याच पालगडचे साने गुरुजी. त्यांच्या 'श्यामची आई'त भित्रा श्याम पोहण्याच्या भीतीने लपून बसतो, तेव्हा त्याला शोधून काढून, फोकाने मारून विहिरीकडे पाठवणारी आई आहे. पुढे तोच फोक आठवून तिचे डोळे भरून येतात हे खरे. पण मुलाला घराबाहेरच्या जगाच्या स्वाधीन करणे हे मायेचेच एक कठोर अंग आहे, हे तिला ठाऊक होते. कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला हीच गोष्ट निराळ्या रीतीने ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केली. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच वारल्यांच्या पाड्यांवर, त्यांच्या घरांपुढच्या अंगणांत नेऊन मांडली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर नेली. माँटेसरीबाईंची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती, तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने, दगड ही साधने झाली. त्याच्याही कितीतरी आधी, १९१४ साली, रेचेल व मार्गारेट मॅकमिलन या भगिनींनी लंडनमधील डेप्टफर्डच्या गरीब वस्तीत उघड्यावरची बालशाळा काढली होती, बागेकडे खुल्या असलेल्या पडव्यांची. लंडनच्या त्या ओलसर, गारठलेल्या हवेत दोन-तीन वर्षांची मुले बाहेर खेळून टवटवीत होत असतील, तर आमच्या पौषातल्या उन्हाने काय घोडे मारले आहे, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

मात्र कोसबाडच्या अंगणात आणि आमच्या बाळूच्या अंगणात एक गोष्ट समान आहे, आणि मला वाटते खेळाचा सारा कारभार तिच्यावरच उभा आहे. तेथे कोणीतरी मोठे माणूस असते, आणि ते स्वतःच्या कामात असते. हिवाळ्यात कोकणातले घर अक्षरशः बाहेर येऊन बसते. कोणी सुपारी सोलतो, कोणी केरसुणीसाठी हीर काढतो, कोणी कुळीथ पाखडते, कोणी नुसतेच पाठीला ऊन देत बसते. त्यांतले कोणीही मुलांवर पहारा करीत नाही, आणि तरी मुलांच्या गलक्यात जरासा वावगा सूर उमटला की चार माना एकदम वर होतात. या नजरेला मी फार मानतो. ती मुलाला अडवत नाही आणि एकटेही पाडत नाही. हातात मोबाईल घेऊन, "सावकाश, पडशील, तिकडे नको" असा अखंड जप करीत मुलामागे फिरणाऱ्या आजच्या आईबापांचे प्रेम काही कमी नाही. फक्त त्यांना अंगणात दुसरे काही काम उरलेले नाही, आणि रिकाम्या माणसाची नजर फार जड असते. भात झोडण्याचे यंत्र आले, घरे मुंबईकर चाकरमान्यांच्या कुलुपांत गेली, जी उघडी आहेत त्यांतली माणसे संध्याकाळी दूरदर्शनसमोर बसली, आणि मोठ्यांपाठोपाठ मुलेही आत गेली. मुलांनी बाहेर यावे असे वाटत असेल तर आधी आपणच एखादे काम घेऊन बाहेर बसले पाहिजे, इतका हा व्यवहार सरळ आहे.

आमच्या पूर्वजांना हिवाळ्याशी मुलाची गाठ घालून द्यावी असे वाटत होते, याचा दाखला म्हणजे बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, आणि बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या यांची त्याच्या डोक्यावरून वृष्टी करतात. जो ऋतू बाहेर रानात पिकला आहे तो मापाने भरून आणून मुलाच्या टाळूवर ओतावयाचा, अशी ही विलक्षण कल्पना आहे. उत्सवमूर्ती बहुधा भेदरून रडू लागते. पण भोवतालची पोरे त्या वर्षावावर अशी तुटून पडतात, की दोन घटकांत तीही रडे विसरून स्वतःच्या मांडीवरचे बोर तोंडात घालते. अलीकडे बोरांच्या जागी चॉकलेटे आली आहेत आणि समारंभ सभागृहात होतो. तक्रार करावी असे त्यात फारसे नाही; मात्र चॉकलेट वेचायला काट्यांत शिरावे लागत नाही, आणि बोर वेचायला लागते, एवढा फरक राहतोच.

हिवाळा उतरणीला लागला की किनाऱ्यावर, अंजर्ल्याच्या आणि पलीकडे मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या वाळूत, कासवांची पिल्ले बाहेर पडू लागतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला या अंड्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले, आणि आता मुंबई-पुण्याची मुलेही पहाटे उठून ते पाहावयास येतात. टोपलीतली पिल्ले पाण्यापासून थोडी दूर वाळूवर सोडली, की प्रत्येक मूल हटकून एकच प्रश्न विचारते, "काका, यांना उचलून पाण्यात का नाही ठेवत?" कार्यकर्ते सांगतात की ते अंतर पिल्लाने स्वतः चालले पाहिजे; त्या चालण्यात जन्मभूमीची काही खूण त्याच्यात ठसते, आणि मोठी झालेली मादी कित्येक वर्षांनी अंडी घालण्यास त्याच बाजूला परतते असे समजले जाते. मूल हे ऐकून घेते. त्याला ते पटतेच असे नाही. आईने खांद्यावरून वाळू ओलांडून आणलेले एक मूल तर हे ऐकता ऐकता हळूच खाली उतरू पाहत होते, आणि आई "पाय गार पडतील" म्हणून त्याला वर ओढीत होती.

अलीकडे एका विचाराने मला घेरले आहे. तीन-चार वर्षांच्या वयातला खेळ पुढे कोणाला आठवत नाही. मलाही माझा आठवत नाही. आठवतात ती दुसऱ्यांनी सांगितलेली चित्रे. म्हणजे ज्याच्यासाठी हे ऊन, ही माती, हा मळा, तो मनुष्य मोठेपणी त्याची पावतीसुद्धा देऊ शकत नाही. मग एवढा हिवाळा जातो कोठे? मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी पोरवयात परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायपीट केली, आणि वय फार लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू न देता परत पाठवण्यात आले, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. तो घाट चढण्याचे बळ पायांत कोणत्या अंगणाने घातले, हे मात्र त्यांनाही सांगता आले नसते. अशी खाती जमेकडे भरत जातात, पण त्यांचा जमाखर्च कोणी लिहीत नाही.

आमच्या घरी सध्या अंगणाचाच प्रश्न निघाला आहे. सिमेंटचे रंगीत ठोकळे बसवणारा इसम येऊन, टेप लावून, दर सांगून गेला. मुलगा मुंबईहून म्हणतो, "बाबा, दरवर्षी चोपायला माणसं आणणार कुठून? आणि शेण आता विकत घ्यावं लागतं." त्याचे म्हणणे खोटे नाही, चोपणे उचलणारे हात गावात थोडे उरले आहेत आणि माझ्या हातांत ते बळ नाही. सुनेने तोड सुचवली आहे की पुढच्या बाजूला ठोकळे घालावे आणि विहिरीकडचा भाग मातीचाच ठेवावा. नातू अडीच वर्षांचा आहे आणि त्याला अजून पुढची बाजू व मागची बाजू यांतला भेद कळत नाही; नाताळात आला तेव्हा जेथे ओल दिसेल तेथे तो बसत होता. काम करावयाचे तर पावसाआधी उरकले पाहिजे, म्हणजे शिमग्यापर्यंत काय ते ठरवावे लागेल. ठोकळेवाल्याचा काल पुन्हा फोन आला होता. मी त्याला कळवतो म्हणून सांगितले आहे.